अठ्ठावन्न फॉर्म

“टाका, टाका. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टाका. मागून कोणी म्हणायला नको का डाखोळेनं घोळ केला.”

प्रमोद डाखोळेनं क्रू-रूमच्या टेबलावर एक जुनी निळी ओव्हरनाइट बॅग उघडून ठेवली होती आणि आम्ही एकेक जण पुढे होऊन तिच्यात आपापला फॉर्म टाकत होतो. फॉर्म कोरा. नाव आणि स्टाफ नंबर तेवढा छापलेला. खाली तीन रिकाम्या ओळी: बेसची, म्हणजे ज्या शहरातून उडायचं त्याची, पसंती एक, दोन, तीन. डुप्लिकेट मिळणार नाही, असं लाल अक्षरात.

“अन् ही बॅग ठेवायची कोणी?” मागून पल्लवी उईकेनं विचारलं. पल्लवी आमच्यात नवी, दोन वर्षांची नोकरी.

“मी ठेवतो ना.”

डाखोळे आमच्या संघटनेचा सेक्रेटरी होता, त्यामुळे त्याच्यावर कोणाचा भरोसा नव्हता.

“काहून बे, मी काय खाऊन राहिलो का फॉर्म?”

“वैरागडे मॅडमकडे द्या,” कोणीतरी म्हणालं.

निर्मला वैरागडे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नखं तपासत होत्या. नागपूर बेसच्या नंबर एक. एकोणीस वर्षं नोकरी, वय पंचेचाळीस, बोलणं पट्टीनं मारल्यासारखं. त्या उठल्या, स्वतःचा फॉर्म सगळ्यांत वर ठेवला, चेन ओढली, छोटं कुलूप लावलं आणि चावी गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीत अडकवली.

“तीस तारखेला पाच वाजेपर्यंत माझ्या लॉकरमध्ये,” त्या म्हणाल्या. “नंतर एकत्र जाळा, नाहीतर घरी नेऊन फ्रेम करा.”

टाळ्या झाल्या. डाखोळेनं ‘एकजुटीचा’ अशी घोषणा दिली आणि आम्ही सत्तावन्न जणांनी ‘विजय असो’ म्हटलं. मॅडमनी म्हटलं नाही. त्यांना घोषणा आवडत नसत.

हे चौदा वर्षांपूर्वीचं. त्या दिवाळीत आमची नीलकंठ एअर हिमगिरी एअरवेजनं विकत घेतली. कागदोपत्री त्याला विलीनीकरण म्हणत. अजगरानं उंदीर गिळला की उंदराचंही विलीनीकरणच होतं. पहिला झटका आमच्या सीनियॉरिटीला बसला. आमचं एक वर्ष म्हणजे त्यांचे आठ महिने, असं दिल्लीतल्या कोणत्या तरी टाय लावलेल्या माणसानं ठरवलं. माझी नऊ वर्षांची नोकरी सहा वर्षांची झाली. कंपनीच्या एकत्र यादीत मी आठशे एक्केचाळिसावी, आमच्या नागपूरच्या यादीत तेविसावी.

बाहेरच्या माणसाला हा नंबर कळत नाही. क्रूच्या गाडीत खिडकी कोणाला, दिवाळीची सुटी कोणाला, ट्रेमधलं व्हेज कोण उचलणार आणि उरलेलं वाळकं कटलेट कोण खाणार, सगळं नंबरावर. आमचा एक सहकारी अपघातात गेला तेव्हा शोकसभेत दोन मिनिटं उभं राहून प्रत्येकानं मनात आपला नंबर एकनं वर सरकवला. मी सरकवला होता. बाकीच्यांचे चेहरे मी पाहिले होते.

तर दुसरा झटका हा, की नागपूर बेस आक्रसणार. अठ्ठावन्नपैकी बावीस राहतील. उरलेले दिल्ली, गुवाहाटी, इम्फाळ, जिथं जागा रिकामी असेल तिथं. मात्र करारात एक कलम राहून गेलं होतं: निम्म्याहून जास्त लोकांनी पसंती लिहून दिली तरच ही वाटणी लागू होईल, नाहीतर वर्षभर बेस आहे तसा. म्हणजे कोणीच फॉर्म भरला नाही तर सगळे वाचतात. आणि निम्म्यांनी भरले, तर भरणाऱ्यांतले नंबरानं पहिले बावीस नागपूरला राहणार. ज्यानं भरलाच नाही, तो नंबर एक का असेना, पाठवतील तिकडे जाईल. शेंबड्या पोरालाही कळावं एवढं सोपं गणित. म्हणून ती निळी बॅग.

मला नागपूर सोडायचं नव्हतं. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा नागपुरातच, मिहानमध्ये एका कंपनीत होता, नितेश नाव. त्याच्या आईनं सुपारीच्या दिवशीच सांगून टाकलं होतं, “आम्हाला घरात राहणारी सून पाहिजे बाई. विमानतळावर भेटणारी नको.” बदली झाली की लग्न मोडणार, हे मला, माझ्या आईला आणि हॉलवाल्यालाही ठाऊक होतं.

आणि मी तेविसावी. एका नंबरानं बाहेर.

बॅगेला कुलूप लागलं त्या दिवशी घरी जाताना, वर्धा रोडच्या सिग्नलला, मी हिशेब केला. सगळ्यांनी शब्द पाळला तर बेस वाचतो, मी वाचते. निम्म्यांनी मोडला, तर माझ्या वरच्या बावीस जणांत एक तरी शहाणा, एक तरी मूर्ख प्रामाणिक राहीलच. मग तेविसावी बाविसावी होते. त्यासाठी माझा फॉर्म भरलेला पाहिजे. दुसऱ्यांचा प्रामाणिकपणा मी माझ्या खिशात धरला होता. सिग्नल हिरवा झाला तेव्हा माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फॉर्म परत मागायला गेले तर मॅडम कोलकात्याच्या फ्लाइटवर. त्याच्या पुढच्या दिवशी मी फ्लाइटवर. चोवीसला मला हैदराबादला सुरक्षा प्रशिक्षणाला पाठवलं, सहा दिवस. तिथं हिमगिरीच्या बाविशीतल्या पोरी जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे घुसायच्या. “आपका नंबर?” त्या विचारायच्या. आठशे एक्केचाळीस म्हटलं की त्यांच्या भुवया उंचावायच्या आणि त्या पनीर उचलायच्या. रात्री खोलीत मी पुन्हा पुन्हा तारखा मोजायचे. तीस तारीख, पाच वाजता.

तीसला चार वाजून दहा मिनिटांनी माझं विमान नागपूरला उतरलं. क्रू-रूममध्ये मी जवळजवळ पळतच शिरले. मॅडम एकट्या होत्या. साडेचारचं रिपोर्टिंग, दिल्ली फ्लाइट. लिपस्टिक लावून झाली होती, स्कार्फची गाठ बसवत होत्या.

“आलीस? कसं होतं ट्रेनिंग?”

“ठीक. मॅडम, एक काम होतं.”

आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“माझा फॉर्म पाहिजे होता.”

स्कार्फवरचे हात थांबले. असं नाट्य त्यांना छान जमायचं. त्याच्या नऊ वर्षं आधी, माझ्या पहिल्या फ्लाइटला, माझी लिपस्टिक एक छटा गडद होती म्हणून सगळ्यांसमोर पुसायला लावली तेव्हाही आधी असाच थांबा घेतला होता.

“तू पण?” त्या म्हणाल्या.

“माझं लग्न आहे मॅडम फेब्रुवारीत. तुमचं बरं आहे. तुमचा नंबर एक आहे, तुम्हाला एकजूट परवडते.”

हे मी बोलले. त्या बाईला मी नऊ वर्षं घाबरून होते आणि त्या दिवशी माझ्याकडे चाळीस मिनिटं होती.

“कधी ठरवलं होतं?”

“पहिल्या दिवशीच. तुम्ही भेटला नाहीत म्हणून राहिलं. कोणाला सांगू नका, प्लीज.”

“पहिल्याच दिवशी?”

“हो.”

त्यांनी लॉकर उघडला, बॅग काढली, कुलूप काढलं. चेन अर्धीच उघडली, आत हात घातला आणि न शोधता माझा फॉर्म काढून दिला. अठ्ठावन्नांतून नेमका माझाच कसा हाताला लागला, हा प्रश्न मला पडला नाही. मी घड्याळ बघत होते.

“आई काय म्हणेल आता,” त्या म्हणाल्या.

“कोणाची?”

“जा तू. ते पाचला बंद करतात.”

बेसचं ऑफिस सोमलवाड्याला. फॉर्म स्वतः द्यायचा, रजिस्टरवर सही करायची, दुसऱ्याच्या हाती चालत नव्हतं. मी स्कूटी कशी हाकली आठवत नाही. पायऱ्यांवरच फॉर्म भरला: नागपूर, नागपूर, नागपूर. कारकुनानं तो घेतला, शिक्का मारला आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

माझा अनुक्रमांक सत्तावन्न.

मी पान उलटलं. मग मागचं. सगळे होते. बाविसावर पल्लवी उईके, एवढी नवी, बिचारी, तिला तर काही मिळणारच नव्हतं. तीनवर आमचा खजिनदार. आणि सगळ्यांत वर, बॅगेला कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशीची, सकाळी दहा पाचची, मोठी वळणदार सही: प्रमोद डाखोळे. ऑफिस दहाला उघडतं. माणूस दारात उभा असणार.

“झालं म्हणा तुमचं सगळ्यांचं,” कारकून म्हणाला. “एकच राहिलं.”

मी पुन्हा वरपासून नावं वाचली. निर्मला वैरागडे नव्हत्या.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लिहून ठेवते, कारण लोक अशा वेळी वाईट वाटल्याचं सांगतात. मला आनंद झाला. एक माणूस कमी हवा होता आणि एक होता. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती, मॅडम विमानात गेल्या असतील-नसतील, फोन कदाचित लागला असता. लावला असता तरी त्या काही येऊ शकल्या नसत्या, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं. पण तेव्हा समजावायचीही गरज पडली नाही. मी खाली येऊन नितेशला फोन केला.

तिसऱ्या दिवशी यादी लागली. नागपूर: बावीस नावं, शेवटचं माझं, रोशनी निखाडे. पल्लवी इम्फाळला. वैरागडे, एन.: पसंती दिली नाही, गुवाहाटी. डाखोळेचा नंबर एकतीस, त्यामुळे तो यादीत नव्हता; पण त्याच आठवड्यात ‘क्रू समन्वयक’ नावाची एक खुर्ची नागपूर ऑफिसात निर्माण झाली आणि तो तिच्यावर बसलेला दिसला.

क्रू-रूममध्ये चार दिवस कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहत नव्हतं. मग लाज वाळली. सुरुवात अशी झाली: “माझ्या पोराची दहावी आहे म्हणून.” “माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन आहे ना.” “मी तर डाखोळेनं भरलेला पाहिला म्हणून भरला.” आठवडाभरात सत्तावन्न जणांकडे सत्तावन्न कारणं तयार झाली, आणि प्रत्येकाचं कारण दुसऱ्यापेक्षा दुबळं होतं. मग एकानं शोध लावला की खरी चूक मॅडमची. त्यांनी फॉर्म दिलेच का? “कुलूप होतं ना? मग देऊन कशाला राहिल्या होत्या सगळ्यांना?” हे सगळ्यांना एकदम पटलं. खोलीतली हवाच मोकळी झाली.

आणि म्हणून आम्ही त्यांचा निरोप समारंभ केला.

शाल, श्रीफळ, केक. केकवर विमान. डाखोळे उभा राहिला. “वैरागडे मॅडम म्हणजे आपल्या बेसचा कणा. दिलेला शब्द कसा पाळावा, हे नव्या पिढीनं त्यांच्याकडून शिकावं.” हे बोलताना त्याची जीभ झडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघी रडल्या, आणि त्या खरंच रडल्या. रडण्याला काय लागतं.

मानपत्र मी वाचलं. माझा उद्घोषणेचा आवाज चांगला आहे. ‘आपली निष्ठा आम्हां सर्वांना दीपस्तंभासारखी’ वगैरे. संकटकाळी बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत ते सांगतात त्याच सुरात वाचलं, एकदाही अडखळले नाही.

मॅडमना बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, शालीची घडी घातली.

“केक कापून घ्या,” त्या म्हणाल्या. “साडेपाचची गाडी आहे काहींची.”

बाहेर पोर्चमध्ये त्या मला म्हणाल्या, “गाडी आहे ना तुझी? सोड मला घरी.”

नऊ वर्षांत त्या माझ्या स्कूटीवर कधी बसल्या नव्हत्या. नारळ मांडीवर धरून बसल्या. खामल्याच्या वळणाला मीच बोलले. पाठीमागे माणूस असला की बोलणं सोपं जातं.

“मॅडम, तुम्ही का नाही भरला? सगळे गेलेत हे तुम्हाला तर माहीत होतं.”

“माहीत होतं. बावीस तारखेपासून रोज येऊन राहिले होते. ज्याचा फॉर्म त्याचा, मी काय पोलीस आहे? प्रत्येक जण म्हणे कोणाला सांगू नका. नाही सांगितलं.”

“मग?”

“सत्तावीसला बॅगेत दोनच उरले. माझा आणि तुझा.”

मी ब्रेक दाबला. मागच्या रिक्षावाल्यानं शिवी घातली.

“चालव,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, निखाडेची पोरगी थांबली. सगळ्यांनी सोडलं, ही नाही. तेविसावी असून. आता मी भरला तर ही एकटी जाणार इम्फाळला नाहीतर कुठं. माझ्यानं भरवेना. फोन करावा वाटला तुला. मग म्हटलं, तिनं स्वतःहून धरलंय, मी काहून सोडवू?”

“पण तीस तारखेला मी आले तेव्हा अजून वेळ होता. आजारी आहे म्हणून सांगता आलं असतं फ्लाइटला.”

“सांगता आलं असतं. पण एकोणीस वर्षांत खोटं सिक कधी मारलं नव्हतं. शेवटच्या दहा मिनिटांत कसं शिकणार? तुम्हाला लहानपणापासून येतं.”

त्यांच्या घरापाशी मी स्कूटी उभी केली आणि निघायला लागले.

“वर चल,” त्या म्हणाल्या. “आईला तुला भेटायचंय.”

“मला?”

“तीन दिवस मी तिला तुझंच सांगत होते.”

“आणि नंतरचं?”

“नंतरचं नाही सांगितलं.”

पायऱ्या चढताना त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मी येणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

त्यांच्या आईला दिसत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पलंगाच्या कडेला ताठ बसलेली. दारातून मोरीपर्यंत भिंतीला जाड सुतळी बांधलेली होती, धरून चालायला. मॅडम गुवाहाटीला गेल्या की ही इथंच राहणार होती, कामाच्या बाईच्या भरवशावर. नव्या घरात तिला पुन्हा सगळं पाठ करता आलं नसतं.

“आई, रोशनी आली,” मॅडम म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला.

“ये माय. बस इथी, जवळ.” म्हातारीनं हवेत हात पुढे केला. मी तो धरला. तिनं माझं मनगट चाचपलं, मग खांदा, मग गाल. “तू होय का ती? अंगानं तर काहीच नाही तू.”

“हो आजी.”

“निर्मलानं सांगतलं मले. सारे पळाले म्हणे, एक पोरगी थांबली. मी म्हटलं, एक तरी आहे ना? एक पुष्कळ झाली. नाहीतर मले वाटे, एवढी वर्सं ही कोणाच्या संगं नोकरी करून राहिली.” तिनं माझा हात सोडला नाही. “हिनं नाही भरला कागद, मी रागावली नाही. तिले म्हटलं, त्या पोरीले एकटी टाकून तू इथी माह्याजवळ बसली असती, त मले जेवण गेलं नसतं.”

मी भिंतीवरच्या सुतळीकडे बघत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. म्हातारी आंधळी होती, तिच्यासमोर खरं बोलायला चेहराही लागला नसता.

“अन् तुले कोठी टाकलं माय?”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

“गुवाहाटीला, आजी,” मी म्हणाले.

“हे बरं झालं!” तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. “माह्या निर्मलाले सोबत झाली. मले घोर लागला होता. ते तोंडानं कडू आहे, पण वेळेवर जेवत नाही. तू लक्ष ठेवजो तिच्यावर.”

“ठेवीन.”

मॅडम चहा घेऊन आल्या. कप माझ्यासमोर ठेवला, दांडी माझ्या उजव्या हाताकडे करून, आम्हाला शिकवतात तसा. मग कमरेतून किंचित वाकून माझ्याकडे पाहून त्या हसल्या. ते हसू मला पुरतं ओळखीचं होतं. विमानाच्या दारात उभ्या राहून रोज दीडशे अनोळखी लोकांना आम्ही तेच देतो.